दिडकी अधिक साडेसात

शरच्चंद्र गायधनी यांचं अठ्ठावीस या आकड्याशी वैर होतं. एरवी माणूस मवाळ, पण अठ्ठावीस दिसला की कपाळावरची शीर उठायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं होतील त्या साली वाढदिवस साजरा करायचा नाही, असं त्यांनी उत्तराबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. कारण जुनं होतं. चौथीच्या स्कॉलरशिपला त्यांना मालिका आली होती: दोन, सहा, बारा, वीस, पुढे काय? गायधनींनी लिहिलं अठ्ठावीस. उत्तर होतं तीस. स्कॉलरशिप दोन गुणांनी हुकली, आणि ते दोन गुण त्या मालिकेचेच होते. या गोष्टीला सदतीस वर्षं झाली. मधल्या काळात ते सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसचे हेडक्लार्क झाले, ऋणानुबंध सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला, केस पांढरे झाले, पण तो अठ्ठावीस काही पुसला गेला नाही.

त्यामुळे दोन हजार पाच साली त्यांची मुलगी स्वरदा चौथीत गेली तेव्हा दिवाळीचा फराळ संपायच्या आत गायधनींनी फळा आणला. शनिवारी सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी. म्हणून दर शनिवारी दुपारी तीन वाजता संख्यामालिकांचा वर्ग, हे त्यांनी जेवताना जाहीर केलं.

"एकट्या मुलीसाठी फळा?" उत्तराबाईंनी विचारलं.

"फळ्याशिवाय गणिताला गांभीर्य येत नाही," गायधनी म्हणाले.

गांभीर्य आलं, आणि त्याच्या मागोमाग सोसायटीतली आणखी सहा मुलं आली. फुकटचा क्लास आहे ही बातमी जिन्याने दोन्ही बाजूंना पसरायला एक संध्याकाळ पुरली. मुलं दिवाणखान्यात मावेनात म्हणून वर्ग खाली पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधल्या जागेत भरू लागला. तिथे येणाजाणाऱ्या प्रत्येकाला सल्ला द्यायची सोय झाली. तळमजल्यावरच्या छायाताई आपल्या ओमला सोडायला येत आणि स्वतःच बसून राहत. "भाऊजी, एवढं डोकं कशाला फोडता पोरांचं? गाइड घ्या ना. मागच्या पानावर सगळी उत्तरं असतात," असं त्या दर शनिवारी सांगत. गायधनी दर शनिवारी डोळे मिटून ते ऐकत.

कारण गायधनींची पद्धतच वेगळी होती. ते म्हणत, "पुढचा आकडा कुणीही सांगेल. मला शंभरावा आकडा सांगा." दोन, सहा, बारा, वीस यात पुढे काय हा प्रश्नच क्षुद्र आहे. एक गुणिले दोन, दोन गुणिले तीन, तीन गुणिले चार, हे दिसलं की शंभरावा आकडाही बसल्या जागी येतो. याला सर्वसाधारण नियम म्हणतात. "आणि एक लक्षात ठेवा, मालिका कधी चुकत नाही. चुकतो तो आपला नियम," हे वाक्य तर त्यांनी इतक्यांदा म्हटलं की सोसायटीचा वॉचमनही ते पाठ म्हणू लागला. मुलं पहिले दोन शनिवार भारावली आणि तिसऱ्या शनिवारी कंटाळली. शंभरावा आकडा घेऊन काय करायचं हे त्यांना कळेना. ओम तर म्हणाला, "काका, आमच्या परीक्षेत शंभरावा विचारत नाहीत."

याच शनिवारी वर्गात भारनियमनाचा विषय निघाला. त्या काळात नाशकात लाइट रोज तीन तास जायची. कधी जाईल हे पेपरात छापून यायचं, पण त्या छापण्याचा आणि जाण्याचा काडीचा संबंध नसायचा. दिशा नावाची एक चौकस मुलगी वर्गात होती. काल ऐन अभ्यासाच्या वेळी लाइट गेली अशी तक्रार करता करता तिने विचारलं, "काका, लाइट जाण्यालापण नियम असतो का?"

इथे गायधनींनी "माहीत नाही" म्हणायला हवं होतं. पण समोर सात मुलं होती, छायाताई होत्या, आणि मुख्य म्हणजे कठड्याला टेकून क्षेमकल्याणी नाना उभे होते. नाना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकोणतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. सोसायटीत कुणाच्या घरचा बल्ब उडाला तरी नानांना विचारल्याशिवाय नवा लावायची प्रथा नव्हती.

"असणारच!" गायधनी म्हणाले. "जिथे मालिका आहे तिथे नियम आहे."

नाना खो खो हसले. "अहो गायधनी, एकोणतीस वर्षं मी वीज तयार केली. ती कुठे जाते हे मला कळलं नाही, आणि तुम्ही ती कधी जाते ते सांगणार?"

आता गायधनींचा स्वाभिमान दुखावला. टाइम ऑफिसातल्या माणसाचा स्वाभिमान वेळेच्या बाबतीत जरा जास्तच हळवा असतो. ते म्हणाले, "संक्रांतीपर्यंत ही मुलं नियम शोधून दाखवतील. नाही सापडला, किंवा सापडून चुकीचा निघाला, तर क्लास बंद. हा फळा तुमच्या दारात आणून ठेवीन."

"फळ्याचं मी काय करू?" नाना म्हणाले. पण शब्द गेला होता. स्वरदा बापाकडे बघतच राहिली. फेब्रुवारीत परीक्षा, आणि बापाने क्लास पणाला लावून ठेवला होता.

नोंदी कुठे ठेवायच्या हा पहिला प्रश्न. गायधनींनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर निवडलं, कारण त्यात रोजचा चौकोन होता. त्या चौकोनात उत्तराबाई आधीपासून दुधाचा हिशेब लिहीत. परिणामी पहिल्या पंधरवड्याअखेर मुलांनी जो नियम काढला त्यानुसार लाइट दर तिसऱ्या दिवशी अर्धा लिटर जात होती. उत्तराबाईंनी मग कॅलेंडरावर कुणी हात लावायचा नाही असं फर्मान काढलं, आणि स्वरदाने नोंदींसाठी निमूट एक जुनी वही घेतली.

नियमांना तोटा नव्हता. ओमच्या मते आई मालिका लावून बसली की लाइट जाते. दिशाच्या मते क्षेमकल्याणी आजोबा आंघोळीला गेले की जाते, कारण त्यांच्या ओरडण्याचा आवाज ती रोज ऐकत असे. वॉचमनने आपण होऊन सांगितलं की अमावास्येचा यात हात असावा. गायधनी प्रत्येक नियम फळ्यावर लिहीत, वहीशी ताडून पाहत आणि गंभीरपणे खोडत. पेपरात छापलेलं वेळापत्रकही त्यांनी ताडून पाहिलं. पंचवीस दिवसांत ते एकदा जुळलं, आणि तेही त्या दिवशी पेपरात चुकून जुनं छापलं होतं म्हणून. नाना रोज संध्याकाळी येऊन "काय, सापडला का?" विचारत. गायधनींचं जेवण कमी झालं.

नियम सापडला तो नाताळच्या सुट्टीत, आणि सापडला स्वरदाला. वहीत तिने सोमवारपासून वेळा लिहिल्या होत्या: साडेदहा, बारा, दीड, तीन, साडेचार, मग शनिवारी काहीच नाही, मग रविवारी एकदम नऊ. सगळं नीट चालता चालता शेवटी घसरायचं. मुलं तिथेच अडून बसली होती. स्वरदा म्हणाली, "बाबा, आपण सोमवारपासून का मोजतो? तुमची सुट्टी तर शनिवारी असते. कारखान्यांचा आठवडा रविवारी सुरू होतो ना?"

गायधनी फळ्याकडे धावले. रविवार नऊ, सोमवार साडेदहा, मंगळवार बारा, बुधवार दीड, गुरुवार तीन, शुक्रवार साडेचार. शनिवारी कारखाने बंद म्हणून वीज शिल्लक आणि लाइट शाबूत.

"रोज दीड तास पुढे!" सगळी मुलं ओरडली.

"हा झाला पुढचा आकडा," गायधनी म्हणाले. "मला सर्वसाधारण नियम हवा. आदला दिवस न बघता कोणताही वार सांगा."

स्वरदा बोटं मोजत होती. गायधनींनी तिला आधीच दिडकी पाठ करायला लावली होती. दीडचा हा पाढा आता शाळेत कुणी शिकवत नाही, आणि उत्तराबाईंनी त्यावरून "मुलीचा छळ" असा शब्दही वापरला होता. "एक दीड, दोन तीन, तीन साडेचार..." ती पुटपुटली आणि मान वर करून म्हणाली, "वाराचा नंबर घ्यायचा, त्याची दिडकी म्हणायची आणि त्यात साडेसात मिळवायचे."

रविवार पहिला, दिडकी दीड, अधिक साडेसात, नऊ. शुक्रवार सहावा, दिडकी नऊ, अधिक साडेसात, साडेसोळा, म्हणजे साडेचार. गायधनींना भरून आलं. त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं, पण छायाताईंनी पाहायचं ते पाहिलं.

पुढचे चार आठवडे म्हणजे गायधनींच्या आयुष्यातला सुवर्णकाळ होता. नियम नोटीसबोर्डावर लागला. नानांनी घड्याळ हातात घेऊन आठ दिवस तपासला आणि नवव्या दिवशी आंघोळीची वेळ बदलली. छायाताईंचं इडलीचं पीठ नियमाच्या वेळा पाहून वाटलं जाऊ लागलं. शेजारच्या सोसायटीतून, मग पलीकडच्या कॉलनीतून माणसं यायला लागली. एका दातांच्या डॉक्टरांनी पेशंटच्या वेळा नियमाप्रमाणे लावल्या. तिळगुळासोबत लोक गायधनींना "साहेब, शुक्रवारचं पक्कं ना?" असं विचारत आणि गायधनी "गणित आहे," एवढंच म्हणत. ते चालताना हात मागे बांधायला लागले होते. उत्तराबाईंनी एकदा सांगून पाहिलं, "अहो, आपलं शोधून झालं ना? मग आता बोर्डावरून काढून टाका." पण कीर्तीच्या वाटेवरच्या माणसाला बायकोचा सल्ला ऐकू येत नाही.

जानेवारीच्या शेवटी वीज कार्यालयाचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. 'आपण समक्ष भेटावे.' खाली साहेबांची सही.

गायधनी हाफ डे टाकून गेले. पहिल्या खिडकीवर त्यांना बिलाची तक्रार आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर, मग तुम्ही आलात कशाला, असं विचारलं. दुसऱ्या खिडकीने तिसरीकडे पाठवलं आणि तिसरी जेवायला गेली होती. चौथ्या टेबलावर 'भेटीचे कारण' असा रकाना असलेला अर्ज मिळाला. त्यात गायधनींनी 'संख्यामालिका' असं लिहिलं. बाईंनी तो शब्द दोनदा वाचला आणि अर्जावर 'तांत्रिक' असा शिक्का मारला.

साहेब दार लावून घेत म्हणाले, "गायधनी, खरं सांगा, तुम्हाला माहिती कुणी फोडली?"

"फोडली नाही. मुलांनी काढली."

"अशक्य. आम्हाला वरून रोज फोन येतो, तीन तास बंद ठेवा म्हणून. कुठले तीन तास ते वरचे सांगत नाहीत. खाली ऑपरेटर ठरवतो. म्हणजे नियम आम्हालाच माहीत नाही, तर तुमच्या मुलांना कुठून कळणार?"

गायधनींनी वही काढली. साहेबांनी वही वाचली, दिडकी मोजली, खिडकीबाहेर पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "अहो, हे तर सुंदर आहे. आम्हाला वर काहीतरी पाठवायचंच होतं. हेच आमचं अधिकृत वेळापत्रक करू. तुम्ही नियम लिहून द्या, तीन प्रतींत." गायधनींनी लिहून दिला. खाली 'ऋणानुबंध सोसायटी बाल गणित मंडळ' असंही लिहिलं. त्या क्षणी त्यांना वाटलं, अठ्ठावीसचं उट्टं फिटलं.

बाहेर टपरीवर चहा घेताना खाकी शर्टातला एक माणूस शेजारी येऊन उभा राहिला. "तुमीच ते दिडकीवाले साहेब का? मी वाल्मीक. सबस्टेशनला ऑपरेटर."

"म्हणजे लाइट तुम्ही घालवता!"

"घालवतो म्हंजे, वरनं फोन येतो. मग मी इचार केला, कुना एकाच्याच भाकरीच्या वेळंला रोज कशाला मारायचं? आमचा मखमलाबादला भाजीचा मळा हाय. सहा भाऊ, इहीर एक. मोटारीची पाळी रोज दीड तास म्होरं सरकती, म्हंजे भर उन्हातलं पानी एकाच्याच वाट्याला येत नाय. आमच्या आज्यापासनं तसंच चालत आलंय. तीच पाळी मी हितं लावली."

गायधनींच्या हातातला कप थांबला. आपण शोधलेला नियम कुणाच्या तरी आजोबांचा निघाला होता. तरीही त्यांना मनापासून आनंद झाला आणि त्यांनी वाल्मीकच्या पाठीवर थाप मारली. "छान! आता तोच अधिकृत होणार. मी आत्ताच लिहून दिला."

वाल्मीकचा चेहरा उतरला. "लिहून दिला? लय वंगाळ झालं, साहेब. पाळी तोंडी हाय तवर कुनी बोलत नाय. कागदावर आली की जो तो येतो, म्हनतो माझी वेळ बदला."

गायधनींनी हे खेडूत शंकेखोरपणात जमा केलं आणि चहा संपवला.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सोसायटीत मुलांचा सत्कार आणि वेळापत्रकाचं प्रकाशन ठरलं. प्रमुख पाहुणे साहेब. गायधनींनी त्या दिवसाची कारखान्यातून रजा टाकली. वेळ गायधनींनी स्वतः काढली: रविवारची लाइट नऊला जाते, बाराला येते, म्हणून कार्यक्रम सव्वाबारा. माइक, पंखे, सरबताचा मिक्सर, सगळं त्या वेळेवर बेतलेलं. वेळापत्रक सकाळच्या पेपरात छापूनही आलं, पण नऊ वाजले आणि लाइट गेली नाही. "साहेब येणार म्हणून आज सूट दिसतेय!" छायाताई खूश झाल्या. नाना मात्र पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होते, आणि ते गायधनींना आवडलं नाही. स्वरदाने वहीत काहीतरी टिपलं.

सव्वाबारा ते साडेबारा लाइट होती, कारण साहेब तोवर आलेच नव्हते. पावणेएकला ते आले, नारळ फुटला, वेळापत्रकावरची रिबन सुटली. साहेब माइक हातात घेऊन म्हणाले, "यापुढे या भागातला एकही नागरिक अंधारात राहणार नाही, कारण कधी अंधार होईल हे त्याला आधीच..." आणि माइक बंद पडला. पंखे थांबले. मिक्सरमधलं सरबत अर्धवट घुसळलेलं राहिलं. साहेब पुढे बराच वेळ बोलत होते असं पहिल्या रांगेतल्या लोकांनी नंतर सांगितलं.

पुढचा आठवडा गायधनींना नको नकोसा झाला. वेळापत्रकातल्या वेळेला लाइट जात नव्हती आणि भलत्या वेळेला जात होती. छायाताईंचं पीठ मिक्सरात आंबलं. दातांच्या डॉक्टरांचा एक पेशंट तोंड उघडं ठेवून तीन तास बसला, तो थेट गायधनींकडे गाल धरून आला. लोक आता त्यांना "शुक्रवारचं पक्कं ना?" असं विचारत नव्हते, जिन्यात समोरून आले की नुसते बघत होते. आपलं अठ्ठावीस सदतीस वर्षांनी पुन्हा सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिलं गेलंय, असं त्यांना झालं. शनिवारी तीनला ते खाली आले ते शिकवायला नाही, फळा उचलायला. शब्द म्हणजे शब्द. नाना कठड्यापाशी उभेच होते.

"राहू द्या हो," नाना अवघडून म्हणाले. "आमच्या दारात जागा नाही."

"नाना, नियम चुकीचा निघाला. क्लास बंद." गायधनींनी फळा उचलला. परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती, आणि ओमलाही अचानक शंभरावा आकडा हवासा वाटायला लागला होता.

"बाबा," स्वरदा म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, मालिका चुकत नाही, आपला नियम चुकतो? मग नवा नियम शोधायचा. बंद कशाला करायचा?" तिने वही उघडली. "रविवारी लाइट बाराला जायला हवी होती. कार्यक्रम होता म्हणून उशीर झाला असेल. बाकीचे बघा. सोमवार दीड, मंगळवार तीन, बुधवार साडेचार, गुरुवार सहा, शुक्रवार साडेसात."

गायधनींनी फळा पुन्हा खाली ठेवला. दिशा आधी ओरडली. "सगळे तीन तास पुढे गेलेत!"

"दिडकी अधिक साडेदहा," ओम म्हणाला. हे ओमने म्हटल्याचं छायाताईंनी पुढे वर्षभर सांगितलं.

"पण का?" गायधनी स्वतःशीच म्हणाले. उत्तर वाल्मीककडून आलं. तो योगायोगाने खांबावरचं काम आटपून तिथून सायकलवर चालला होता. "छापील वेळ झाली की फोन चालू होत्यात, साहेब. कुनाचं मंगल कार्यालय, कुनाचं हाटेल, कुनाच्या सासूबाई. तीन तास समदे म्हनत्यात आत्ता नको, आत्ता नको. छापील वेळ सरली की फोन बंद. मग मी घालवतो."

क्लास चालू राहिला. नाना त्या दिवसापासून शेवटच्या रांगेत बसायला लागले, नियम नेहमीच तपासून घ्यावा लागतो म्हणून. नवा नियम पंधरा दिवस एकाही मिनिटाने चुकला नाही, आणि या खेपेस तो कुठल्याही बोर्डावर लागला नाही. स्वरदाची परीक्षा झाली. पेपरात मालिका आल्या, तिने सोडवल्या, आणि गायधनींनी उत्तरं विचारायची नाहीत असं ठरवून दारापासूनच विचारली.

मार्चमध्ये एका शनिवारी वर्ग रंगात आला असताना वीज कार्यालयाचा तोच शिपाई आला. "साहेबांचा निरोप आहे. तुमच्या मुलांनी नवा नियम काढला म्हणे. तेवढा लिहून द्या. तीन प्रतींत."

गायधनींनी खिशातलं पेन काढलं. सवयीने टोपणही उघडलं. समोर सात मुलं पेनाकडे बघत बसली होती. स्वरदा बापाकडे बघत होती, आणि मागच्या रांगेत नाना मान हलवत होते, नाही, नाही.

गायधनींनी टोपण लावून टाकलं.

"साहेबांना सांगा," ते म्हणाले, "आम्हाला नियम सापडलेला नाही. अजून शोधतोय."

गणिताच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि अठ्ठावीसचं दुखणं त्या दिवशी बरं झालं. शिपाई गेल्यावर ते हात झटकून फळ्याकडे वळले. "हं. दोन, सहा, बारा, वीस. शंभरावा आकडा कोण सांगतं?"

सगळ्यांत आधी हात वर केला नानांनी.